जनरेटर घेताना आपण काय विसरतो

बालाघाट जिल्हा धानाचा आहे. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकनही लाभले. लामत्यासारख्या गावी गिरणी चालविणारे आपले व्यापारी बंधू जनरेटर घेताना चार ठिकाणी भाव काढतात, इंजिनाच्या किमतीत घासाघीस करतात, संरक्षक ब्रेकरची निवड मात्र मिस्त्रीवर सोपवितात आणि वर सांगतात, "जरा मोठाच बसव, सारखा पडायला नको." हा हिशेब चुकीचा व घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण असे की, वीज कंपनीच्या रोहित्राजवळ शॉर्ट झाला तर पूर्ण भाराच्या वीसपट प्रवाह वाहू शकतो व ब्रेकर तत्काळ पडतो. जनरेटरची ऐपत तेवढी नसते. पहिल्या क्षणी सात-आठपट प्रवाह निघतो आणि लगेच ओसरतो. साध्या स्वयंउत्तेजित यंत्रात तर तो पूर्ण भाराच्याही खाली जाऊ शकतो. ६२.५ के.व्ही.ए.च्या यंत्राचा पूर्ण भार ४१५ व्होल्टवर सुमारे ८७ अँपिअर. त्यावर १२५ अँपिअरचा 'सी' प्रकारचा ब्रेकर बसविला, तर तो तत्क्षणी पडण्यास ६२५ ते १,२५० अँपिअर हवेत. ते यंत्राने आणावेत कोठून? शॉर्ट जागच्या जागी धुमसत राहतो. नुसता जादा भार पडून प्रवाह ११० अँपिअरवर गेला, तरी हा ब्रेकर हूं की चूं करीत नाही. वाइंडिंग मात्र जळते.

म्हणून शॉर्टच्या वेळी प्रवाह कसा ओसरतो, याचा आलेख निर्मात्याकडून खरेदीपूर्वीच मागावा. ब्रेकर यंत्राच्या पूर्ण भाराशी जुळविता येणारा व चुंबकीय मर्यादा खाली आणता येणारा असावा. ती फारच खाली आणली, तर थेट सुरू होणारी मोटार सहापट प्रवाह ओढते आणि ब्रेकर नाहक पडतो. तेथे स्टार-डेल्टा स्टार्टर घ्यावा. गळतीचा रिले बसवून जनरेटरचा न्यूट्रल भूमीशी जोडलाच नाही, तर तो रिले शोभेचाच!

राहिला चेंजओव्हर स्विच. जनरेटर व लाइन कदापि एकत्र येणार नाहीत, असा चार ध्रुवांचाच तो असावा. चार पैसे वाचविण्यासाठी तारा हाताने जोडणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे: जनरेटरची वीज उलटी रोहित्रात शिरली की ४१५ व्होल्टचे ११,००० होतात, आणि लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला लाइनमन त्याच तारेस हात लावतो.