बिहार आम्ही वाईतच रंगवला

वाईकरांना हा अनुभव नवा नाही. बाहेरगावचा पाहुणा येतो, ढोल्या गणपतीचं दर्शन घेतो, घाटावर दोन फोटो काढतो आणि हळूच विचारतो, "ते ‘दबंग’चं शूटिंग नक्की कुठं झालं हो?" आपणही लगेच चप्पल अडकवून दाखवायला निघतो. ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे आपलं मेणवली. ‘दबंग’मधलं लालगंज म्हणजे आपली वाई. ‘गंगाजल’मधल्या तेजपूरसाठीही कॅमेरा इथंच लागला होता. पडद्यावर पहिली दोन गावं उत्तर प्रदेशातली आणि तिसरं बिहारमधलं. ज्या गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला, ते गाव देशानं पाहिलं ते हिंदी मुलुख म्हणून! मला याची खंत कधी वाटली नाही. उलट गंमतच वाटायची आणि चार लोकांत सांगायला विषय मिळायचा.

गेल्या महिन्यात एका पोरीनं ही गंमत घालवली. त्याबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

ही माझ्या शाळासोबत्याची मुलगी. नाव लिहू नका म्हणालीय. पुण्यात ग्राफिक डिझाइन शिकली आणि आता मुंबईत चित्रपटांच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करते. काम काय, तर पडद्यावर जे जे लिहिलेलं किंवा छापलेलं दिसतं ते तयार करायचं. दुकानाची पाटी, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, पोलीस ठाण्यातला फळा, एसटीचं तिकीट, भिंतीवरची जाहिरात. आपल्याला वाटतं ते तिथं असतंच. नसतं. कुणीतरी रात्र जागून केलेलं असतं.

नोकरी सांभाळून ती स्वतःचा एक प्रोजेक्ट करतेय. आपल्या भागात शूट झालेले चित्रपट घ्यायचे, एकेक दृश्य थांबवायचं आणि त्यात दिसणारं प्रत्येक अक्षर वहीत उतरवायचं. मग स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी कुणासाठी लिहिलंय? त्या मुलखात खरंच असं लिहितात का? आणि हे दाखवण्यासाठी काय पुसलं?

मी तिला म्हणालो, "अगं, पाट्या कोण वाचतं? लोक हिरो बघायला जातात."

ती म्हणाली, "काका, म्हणूनच तर. जे आपण वाचत नाही ते आपण खरं मानून टाकतो."

आता माझी भानगड सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच हातात पडला होता, पगार म्हणावा असं काही मिळत नव्हतं. गावात एका हिंदी चित्रपटाचं युनिट उतरलं होतं. (चित्रपट पुढे चालला नाही, नाव घेण्यात अर्थ नाही.) आर्ट डिपार्टमेंटचा एक माणूस रात्री आमच्या छापखान्यात आला. सकाळी सातला शॉट होता आणि चहाच्या टपरीवर बिहारचा पेपर दिसायला हवा होता. "तू पत्रकार ना? लिही हिंदीत चार हेडलाइन." दोनशे रुपये ठरले. मी अर्ध्या तासात पान भरून दिलं. खून, अपहरण, खंडणी, गोळीबार, पूल कोसळला. बिहार म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

त्याच शूटिंगला बाजारातली एक स्वच्छ भिंत त्यांनी घेतली. त्यावर गुप्तरोगाच्या दवाखान्याची जाहिरात रंगवली, लाल रंगाच्या पिचकाऱ्या मारल्या, खाली कचरा आणून टाकला. शेजारच्या मराठी पाट्यांवर हिंदी पाट्या ठोकल्या. आम्ही पोरं कडेला उभं राहून हसत होतो. झालं बघ बिहार! युनिट गेलं, पिचकाऱ्या मात्र पुढचे दोन पावसाळे भिंतीवर होत्या.

त्या पेपरची एक प्रत मी अभिमानानं ट्रंकेत जपून ठेवली होती. पोरीला कौतुकानं दाखवली. तिनं काय केलं? शेजारच्या बांधकामावर फरशी बसवणारा एक मुलगा आहे, समस्तीपूरचा. त्याला चहाला बोलावलं आणि पेपर त्याच्या हातात दिला.

मुख्य हेडलाइन मी दिली होती, ‘हत्यारे को उम्रभर की शिक्षा’. तो वाचून हसत सुटला. मला कळेना. मग म्हणाला, "सरजी, इसको तो जेल में ज़िंदगीभर पढ़ाया जा रहा है!" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्या शिक्षेला हिंदीत सजा म्हणतात हे मला माहीत होतं, पण रात्री बाराला मराठी डोक्यानं हिंदी लिहिल्यावर दुसरं काय होणार! आम्ही तिघं पोट धरून हसलो.

मग त्यानं पान उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "इसमें बहाली का पन्ना नहीं है?" बहाली म्हणजे नोकरभरती. त्यांच्या घरी पेपर आला की सगळ्यांत आधी भरतीच्या आणि परीक्षांच्या जाहिराती बघतात, असं तो म्हणाला. मोठा भाऊ किती वर्षं बघत होता. मी पत्रकारितेत हयात घालवली, आणि बिहारमधल्या घरात पेपर कुठल्या पानावर उघडतात याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. मी त्यांना खून दिले आणि दोनशे रुपये घेतले.

तो कामावर गेल्यावर पोरीनं विचारलं, "काका, तुम्ही बिहारला कधी गेला होतात?"

नव्हतो गेलो. अजूनही गेलेलो नाही.

तिच्या वहीत बिहारची बरीच पानं आहेत. एक गोष्ट वाचून मी चाटच पडलो. आपल्याकडे जुनी कागदपत्रं मोडीत असतात ना, आजोबांचा सातबारा शोधायला गेलं की मोडी वाचणारा माणूस हुडकावा लागतो? तिकडे तसंच कैथी लिपीचं आहे. बिहारमध्ये जमिनीचे व्यवहार, कोर्टकचेरी एकेकाळी कैथीत चालायची, आणि आज जुने कागद वाचायला कैथी जाणणारा शोधावा लागतो. दुसरं, मधुबनीची चित्रं. १९३४ च्या भूकंपात घरं पडली तेव्हा विल्यम आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या भिंतींवर ती दिसली आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. म्हणजे ज्या मुलखातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवत आल्या, तो मुलुख दाखवायला आमच्या गावात भिंतीवर पिचकाऱ्या मारल्या गेल्या. आणि आम्ही हसलो.

कुणी म्हणेल, ‘गंगाजल’मागे भागलपूरचं अंधत्वाचं प्रकरण होतं, कैद्यांचे डोळे फोडले होते ते खोटं का? खोटं नाहीच. गुन्हेगारी दाखवू नका असं कुणीही म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की गुन्ह्याच्या मागे दिसणारं गाव पण गुन्हेगारच रंगवायचं का?

आता आरसा आपल्याकडे फिरवू. हिंदी चित्रपटात मराठी माणूस कोण असतो? कामवाली बाई, हवालदार, ‘मेरे को’ ‘तेरे को’ करणारा गुंडाचा हस्तक. याचा आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’मधल्या ‘पिंगा’वरून केवढं रान उठलं होतं! २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’च्या ट्रेलरमधल्या लेझीमवर आक्षेप आले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढलं. आपण नाचावर भांडतो, कारण नाच दिसतो. मागची भिंत कुणालाच दिसत नाही. समस्तीपूरच्या पोराला मात्र ती दिसते. तो आपल्या गावात भाड्याची खोली शोधायला जातो, तेव्हा घरमालकाच्या डोक्यात तीच भिंत असते. मी अतिशयोक्ती करत नाही. खोली शोधताना त्याला तीन ठिकाणी नकार मिळालाय, आणि त्यातला एक घरमालक ही पोस्ट वाचणार आहे.

चांगलं काम होतच नाही असंही नाही. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आठवा. डुक्कर बांधलेला बांबू खांद्यावर घेऊन जब्या शाळेच्या भिंतीवरून जातो आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. कुणी एक शब्द बोलत नाही. अशी भिंत आपल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला आहे, पण तिचा अर्थ तिच्यासमोरून रोज चालत गेलेल्या माणसालाच दिसला. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील बाई कुटुंबासोबत मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयांची टिंगल चाललीय आणि प्रेक्षक टाळ्या पिटतायत. मला ते बघताना कसंसंच झालं, कारण त्या थिएटरात असतो तर मीही हसलो असतो.

आणि काळजी घ्यायची म्हटली तर किती घेतात, याचंही उदाहरण पोरीनं सांगितलं. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ नावाचा इंग्रजी चित्रपट आहे, २०१४ चा. देश काल्पनिक, हॉटेल काल्पनिक, पण तिथला पेपर, नोटा, केकचा गुलाबी खोका, सगळं अॅनी अॅटकिन्स या ग्राफिक डिझायनरच्या देखरेखीखाली तयार झालं. त्या खोक्यावर फ्रेंच शब्दात एक अक्षर चुकून जास्त पडलं होतं. शूटिंग झाल्यावर लक्षात आलं, तर कॉम्प्युटरवर ते दुरुस्त केलं. नसलेल्या देशातल्या खोक्यावरचं एक अक्षर! आणि अख्ख्या असलेल्या बिहारच्या पेपरात माझा खुनी जन्मभर शिकत राहिला, कुणी वाचलंही नाही.

आता गावाचं. मी शूटिंगच्या विरोधात नाही. लॉजवाले, जेवणवाले, गाडीवाले, गर्दीत उभी राहणारी आपली माणसं, कितीतरी घरांना त्यातून चार पैसे मिळतात. पण परवानगी देताना दोन अटी सहज घालता येतील. रंगवलेली भिंत जाताना पूर्ववत करायची, आणि काढलेली पाटी होती तशी परत लावायची. अनामत ठेवून घ्या, म्हणजे विसर पडणार नाही.

दुसरं आपल्या हातातलं. बाजारपेठेतल्या हातानं रंगवलेल्या पाट्या भराभर उतरतायत आणि फ्लेक्स चढतायत. पेंटरच्या पाटीवर आपला मराठी वळणाचा ल आणि श असायचा. राज्य सरकारनं २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला, त्यात ल आणि शची हीच रूपं ठरवून दिली आहेत. फ्लेक्सवर मात्र दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये जो फाँट असेल तो येतो, बहुतेकदा हिंदी वळणाचा. ही पोस्ट ज्या मोबाईलवर वाचताय, त्यातला ल नीट बघा, बहुधा तोही तसलाच निघेल. म्हणजे वाईचं लालगंज करायला आता आर्ट डिपार्टमेंटची गरज उरली नाही, ते काम आपणच करून ठेवलंय. उद्या खरीखुरी वाई दाखवायला कुणी आलं, तर त्याला काय दाखवणार?

म्हणून विनंती. कुणाकडे जुनी पाटी माळ्यावर पडली असेल, जुन्या लग्नपत्रिका, दुकानाच्या पावत्या, टॉकीजचे हँडबिल, जत्रेची पत्रकं असतील, तर टाकू नका. सरळ उजेडात फोटो काढा आणि मला पाठवा, मी पोरीकडे पोचवतो. कुठल्या दुकानाची, साधारण कुठल्या साली रंगवली आणि पेंटर कोण, एवढं लिहा. पेंटरचं नाव विसरू नका, ते कुठंच लिहिलेलं नसतं. आणि परगावाहून इथं कामाला आलेली माणसं तुमच्या ओळखीची असतील, तर त्यांनाही विचारा, त्यांच्या गावातल्या पाट्यांचे फोटो मोबाईलमध्ये आहेत का. तिला तेही हवेत.

ट्रंकेतला तो पेपर मी तिला देऊन टाकला. प्रोजेक्टमध्ये लावशील तेव्हा खाली लिहिणाऱ्याचं नाव घाल, असंही सांगितलंय. माझं.