पस्तीस वर्षे की जन्मठेप? डुच खटल्यातील अपील आणि ‘सूडा’चा आरोप

१/ आरोपीने केलेले अपील हा न्यायाचा मार्ग आणि शिक्षा वाढवण्यासाठी सरकारपक्षाने केलेले अपील म्हणजे सूड, अशी सोपी विभागणी अनेकांच्या मनात पक्की बसलेली असते. कंबोडियातील डुच खटल्यापुढे ती टिकत नाही. मात्र या खटल्यात अखेर जन्मठेप झाली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनीही तो नीट वाचलेला नाही.

२/ काइंग गुएक इआव ऊर्फ डुच हा मूळचा गणिताचा शिक्षक. ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) तो नॉम पेन्हमधील एस-२१ या तुरुंगाचा प्रमुख होता. इमारत एका शाळेची होती. वर्गखोल्यांच्या कोठड्या झाल्या. या तुरुंगाच्या बळींची न्यायालयाने मान्य केलेली किमान संख्या १२,२७२ आहे. ती मोजता आली, कारण तुरुंगाने स्वतःच याद्या, छायाचित्रे आणि कबुलीजबाब काटेकोरपणे जपले होते.

३/ २६ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभारलेल्या विशेष न्यायालयाने त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. त्यापूर्वी लष्करी न्यायालयाने त्याला वर्षानुवर्षे बेकायदा डांबून ठेवले होते, म्हणून ५ वर्षे वजा झाली. कोठडीत काढलेली सुमारे ११ वर्षेही वजा झाली. उरली १९. भागाकार केला तर एका बळीमागे जेमतेम साडेतेरा तास!

४/ हा भागाकार अंगावर काटा आणतो. युक्तिवाद म्हणून मात्र तो कुचकामी आहे. बारा हजार जिवांना पुरेल एवढे आयुष्य कोणत्याही आरोपीपाशी नसते. शिवाय खटल्याच्या अखेरीस खुद्द सरकारपक्षाने ४० वर्षेच मागितली होती. मग ३५ मिळाल्यावर एवढा गहजब कशासाठी, हा ‘सूड’वाद्यांचा प्रश्न वाजवी आहे.

५/ त्याचे उत्तर अपिलाच्या दुसऱ्या मुद्द्यात आहे, आणि नेमका तोच चर्चेतून गळतो. सामूहिक संहार, गुलामगिरी, कैद, यातना हे मानवतेविरुद्धचे गुन्हे सिद्ध झाल्याचे पहिल्या न्यायालयाने मानले आणि मग ते सारे ‘राजकीय कारणावरून केलेला छळ’ या एकाच गुन्ह्यात विरघळवून टाकले. एस-२१मधील अनेक कैदी तर ख्मेर रूजचेच कार्यकर्ते होते. विजेचे झटके सोसणाऱ्याचे राजकारण कोणतेही असो, त्याच्यावर झालेला गुन्हा यातनेचाच असतो. प्रत्येक गुन्ह्याचे घटक निराळे असतील, तर निकालपत्रात त्याची नोंदही निराळी हवी. हा हिशेबातील काटेकोरपणा आहे. त्यात सूड कुठे आला?

६/ ३ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च कक्षाने हा मुद्दा मान्य केला, प्रत्येक गुन्ह्यासाठी स्वतंत्र दोषसिद्धी नोंदवली आणि शिक्षा जन्मठेपेवर नेली. इथवर सारे योग्यच. पण त्याच निकालाने बेकायदा कैदेबद्दलची सवलतही काढून टाकली. सरकारपक्षाने असे मागितलेच नव्हते! जन्मठेप द्या, पण बेकायदा कैदेपोटी ती ४५ वर्षांवर आणा, अशी त्याची मागणी होती. दोन न्यायाधीशांनी या मुद्द्यावर भिन्नमत नोंदवले, आणि ते भिन्नमतच अधिक सरळ आहे. या कक्षापुढे अपिलाची सोयही नव्हती. अतिरेकाचा ठपका ठेवायचाच असेल, तर तो न्यायपीठावर ठेवावा. अपील करणाऱ्यांवर नव्हे.

७/ भारतीय वाचकांना ही रचना परकी वाटू नये. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७७ने शिक्षा अपुरी असल्याच्या कारणावरून अपील करण्याचा हक्क सरकारला दिला. त्याच कलमानुसार आरोपीचे म्हणणे ऐकल्याखेरीज शिक्षा वाढवता येत नव्हती, आणि त्या सुनावणीत आरोपी थेट निर्दोष सुटकाही मागू शकत असे. सूड घेणारा प्रतिपक्षाला असे दार उघडून देत नाही.

८/ डुच २ सप्टेंबर २०२० रोजी कैदेत असतानाच मरण पावला. पहिली शिक्षा कायम राहिली असती, तरी त्या दिवशी तो तुरुंगातच असता. सुटकेला आणखी जवळपास नऊ वर्षे होती. म्हणजे अपिलामुळे त्याच्या प्रत्यक्ष कैदेत एका दिवसाचीही भर पडली नाही. बदलली ती निकालपत्रातील गुन्ह्यांची यादी.