आजाऱ्याच्या उशाशी पापाचा हिशेब मांडू नका

मंडळीत कुणाला कॅन्सर निघाला, कुणाचं तरुण लेकरू गेलं, की चार दिवसांत एक वाक्य फिरू लागतं: 'त्या घरात काहीतरी पाप असणार.' कधी ते आजाऱ्याच्या तोंडावरच बोललं जातं. 'ताई, अंतःकरण तपासा, काही लपवलं असेल तर कबूल करा, मग प्रभू बरं करील.' बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरी ऐकणारीच्या दुखण्यात आता अपराधीपणाची भर पडते आणि प्रार्थना करायलाही तिला धीर होत नाही.

बंधुभगिनींनो, माझी कळकळीची विनंती आहे, हे थांबवा. पवित्र शास्त्राचा याला आधार नाही.

ईयोबाचं पुस्तक 42 अध्यायांचं आहे, आणि हा माणूस सरळ आणि देवभीरू असल्याची साक्ष पहिल्याच अध्यायात खुद्द देव देतो. पुढे त्याची जनावरं, मुलं आणि तब्येत सगळं जातं. तो सरळ आहे हे वाचकाला ठाऊक असतं, अलीफज, बिल्दद आणि सोफर या मित्रांना नसतं. ते लांबून येतात, खापरीने अंग खाजवणाऱ्या ईयोबाला ओळखूसुद्धा शकत नाहीत, रडतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी एक शब्द काढत नाही. इथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. त्यांची भाषणं सुटी वाचली तर चांगल्या प्रवचनासारखी वाटतात. अलीफजाचं एक वचन तर पौलाने करिंथकरांना लिहिताना शास्त्रवचन म्हणून घेतलं आहे. पण पापाने दुःख येतं हा नियम त्यांनी उलटा फिरवला आणि जिथे दुःख तिथे पाप असं धरून चालले. पाप सापडेना, तेव्हा बाविसाव्या अध्यायात अलीफजाने ते सरळ रचलं: तू विधवांना रिकाम्या हातांनी घालवलंस, भुकेल्याला अन्न नाकारलंस. आपला सिद्धांत खरा ठरावा म्हणून त्याने मित्रावर कुभांड घेतलं. धार्मिक माणसाच्या हातून हे आजही होतं, म्हणून तो अध्याय घरी नीट वाचा.

ईयोब मात्र गप्प सोसत नाही. जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. तरी शेवटी देवाचा राग होतो तो मित्रांवर. माझा सेवक माझ्याविषयी योग्य बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो. सात गोऱ्हे, सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावं लागतं, आणि ज्याला ते पापी म्हणत होते तोच त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ईयोबाची मेंढरं, उंट, बैल, गाढवं दुप्पट झाली. मुलं पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. गेलेल्या लेकरांची भरपाई झाली असं तिथे म्हटलेलं नाही. 'देव दुसरं मूल देईल' असं चटकन बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रभू येशूसमोरही हा प्रश्न आला होता. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं आणि त्याला दृष्टी दिली. शिलोहातला बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणाला की तुम्ही पश्चात्ताप करा. पाप खरं आहे आणि त्याचा निवाडाही खरा आहे. पण ते शोधायचं स्वतःत.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी पती गेला. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. नवरा मेला तो बायकोच्या पापाने, ही समजूत किती बायकांना जिवंतपणी मारते, हे त्यांनी 1887 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जगापुढे मांडलं. केडगावच्या मुक्ती सदनात अशाच बायकांना त्यांनी जवळ केलं. त्यांनी जो दोष पुसला, तोच आपण ख्रिस्ती शब्दांत पुन्हा कुणाच्या कपाळी लावायचा का?

जे धडधाकट आहेत त्यांनाही सांगतो. चांगली तब्येत, पक्की नोकरी, परदेशात शिकणारी मुलं, हा देवासमोरच्या नीतिमत्त्वाचा दाखला नव्हे. मंदिरात आपल्या उपासाची आणि दशमांशाची यादी वाचणारा परूशी तसाच घरी गेला. छाती बडवून दया मागणारा जकातदार नीतिमान ठरून गेला. आपल्याला नीतिमान ठरवतो तो ख्रिस्त, आणि निष्पाप असून सर्वांत जास्त सोसलं ते त्यानेच. हे दान फुकट मिळालेलं आहे, म्हणून रिपोर्ट वाईट आला तरी ते परत घेतलं जात नाही. आजारी भावा, आजारी बहिणी, हे तू घट्ट धरून ठेव.

काही दुखणी स्वतःच्या वागण्याने येतात, हेही खरं. पण दारूने लिव्हर गेलेल्या माणसाला ते आपण सांगावं लागत नाही. त्याला कबुली द्यायची असेल तर ऐका, प्रभूची क्षमा सांगा, आणि बाहेर कुणाजवळ बोलू नका.

भेटायला जाल तेव्हा थोडा वेळ बसा. प्रार्थना करू का, असं विचारा आणि छोटी करा. डबा हवा आहे का, रात्री थांबायला कुणी आहे का, रक्त द्यायचं आहे का, शाळेतून मुलांना कोण आणतं, याची चौकशी करा. बिलाची अडचण असेल तर वडीलमंडळींच्या कानावर घाला. आणि विश्वासाच्या नावाखाली कुणालाही केमो किंवा डायलिसिस बंद करायला सांगू नका. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपाय सुचवला, त्याचा सोबती लूक वैद्य होता, आणि त्रफिमाला त्याने आजारी अवस्थेतच मिलेतात ठेवलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असं पौल कुठेही लिहीत नाही.

तुमच्या एखाद्या शब्दाने कुणी उपासनेला यायचं थांबलं असेल, तर या रविवारची वाट पाहू नका. आजच त्यांच्या घरी जा आणि क्षमा मागा.