घरात बोर्ड एकच येणार असेल तर तो मोठाच यावा

आपल्या या पानावर जुन्या वाड्यांच्या, गणपतीच्या आणि बेळगावच्या कुंद्याच्या आठवणी येतात, मीही तशाच लिहीत आलो. आज विषय जरा पाण्यातला आहे, तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आमच्या घरात सध्या विंडसर्फिंगच्या बोर्डावरून दोन तट पडले आहेत. विंडसर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून हातात शीड धरायचं आणि वाऱ्यावर जायचं. सुकाणू नाही, वल्हं नाही. शिडाची काठी पुढे कलली की फळी वाऱ्याच्या दिशेला वळते, मागे कलली की वाऱ्यावर चढते. बस, एवढंच. मी स्वतः तिशी उलटल्यावर, पणजीच्या शाखेत असताना, दोनापावलाला हे शिकलो. तेव्हाचा बोर्ड दोघांनी उचलावा लागे. नंतर बदल्या झाल्या, पण निवृत्तीनंतर पुन्हा पाण्यात उतरलो आणि मंद वारा असला की अजूनही जातो. कॉमर्सचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जाचे अर्ज वाचले, त्यामुळे कुठल्याही खरेदीकडे मी ताळेबंदाच्या नजरेने पाहतो. जावईबापू म्हणतात, बाबा, यात ताळेबंद कसला? माझं म्हणणं, यातच आहे.

प्रश्न असा. घरात वापरणारे चार जण. जावई ८४ किलो, मुलगी ५८, मी ६८, आणि खरी हौस जिला आहे ती पंधरा वर्षांची नात, ४७ किलो. पैसे एकाच बोर्डापुरते. ताळगावच्या फ्लॅटमध्ये जागाही एकाच बोर्डापुरती. जावयांच्या मनात शंभर-सव्वाशे लिटरचा, हलका, देखणा, वेगाचा बोर्ड आहे. माझ्या मनात दोनशे लिटरच्या आसपासचा, लांब, पोटात सेंटरबोर्ड असलेला.

लिटर म्हणजे काय, ते आधी सांगतो. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात. शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व आठवा: गोड्या पाण्यात एक लिटर आकारमान एक किलो वजन तोलतं, समुद्रात अडीच टक्के जास्त. आता बेरीज करू. जावई ८४, शीड-काठी-बूम मिळून साधारण १०, बोर्ड स्वतः १२. झाले १०६. म्हणजे शंभर लिटरच्या बोर्डावर ते उभे राहिले तर वारा येईपर्यंत बोर्ड पाण्याखाली आणि जावई गुडघाभर पाण्यात. निष्णात माणूस अशा बोर्डावर पाण्यातूनच वाऱ्याच्या जोरावर उचलला जातो, त्याला वॉटरस्टार्ट म्हणतात. ते यायला कित्येकांना दोन-तीन हंगाम लागतात आणि त्यालाही वारा लागतो. वारा पडला की निष्णात आणि नवशिका दोघेही सारखेच ओले. उभं राहून दोरीने शीड वर ओढायचं असेल, तर या बेरजेवर निदान ३०-४० लिटर शिल्लक हवेतच. बँकेत आम्ही याला मार्जिन म्हणायचो.

आता आपला वारा. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ना, गोव्यात ते रोज अंगावर येतात. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी पूर्वेकडून, जमिनीवरून, मतलई वारा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी वायव्येकडून खारा वारा, बहुतेक दिवस १० ते १५ नॉट. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. संध्याकाळी तोच वारा दिवा मालवावा तसा मालवतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा सोसाटा, पण तेव्हा समुद्र आपल्यासाठी बंद. म्हणजे एकाच आठवड्यात, कधी एकाच दुपारी, ५ नॉटपासून १५ नॉटपर्यंत सगळं अनुभवायला मिळतं. बोर्ड निवडायचा तो या पट्ट्यासाठी. इंटरनेटवरच्या हवाईतल्या व्हिडिओसाठी निवडून उपयोग काय?

बोर्ड दोन तऱ्हांनी चालतो. वारा कमी असताना तो होडीसारखा पाणी कापत जातो, तिथे लांबी कामाला येते. वारा साधारण १२ नॉटच्या पुढे गेला आणि शीड पुरेसं मोठं असलं, की बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन घसरत सुटतो. याला प्लेनिंग म्हणतात, आणि खरी नशा हीच, हे मी कबूल करतो. तिथे रुंदी आणि सपाट शेपूट हवी. छोटा बोर्ड फक्त दुसऱ्या तऱ्हेसाठी बनवलेला असतो. आपल्या दहा दुपारींपैकी किती दुपारी ती तऱ्हा मिळेल? करंजाळ्याच्या किनाऱ्यावर बसून मी ओळखीच्यांचे छोटे बोर्ड वाऱ्याची वाट बघताना पाहिलेत. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने असाच ९५ लिटरचा बोर्ड घेतला. चार वर्षं झाली, तो त्यांच्या गॅरेजच्या छताला टांगलेला आहे आणि त्यावर दिवाळीचे आकाशकंदील ठेवतात. आमच्या भाषेत एनपीए.

पण माझा खरा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे, आणि तिथे मी हटणार नाही. सेंटरबोर्ड.

बोर्डाच्या मध्यातून खाली सोडायचं हे पातं. शेपटीची फिन वेगात असताना काम करते. बोर्ड हळू चालला की तिची पकड सुटते आणि तो आडवा वाहायला लागतो. पातं खाली असेल तर ५ नॉटच्या झुळकीतही वाऱ्याच्या विरुद्ध तिरप्या चाली करत परत येता येतं. आता मांडवीच्या मुखाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला आग्वाद, दुसऱ्या बाजूला काबो, समोर अरबी समुद्र. इथली भरती-ओहोटी मोठ्या उधाणाला दोन मीटरच्या घरात जाते, आणि ओहोटीचं सगळं पाणी बाहेर ओढतं. वेळ साडेपाचची, खारा वारा मालवलेला, ओहोटी लागलेली, आणि ४७ किलोची पोर सेंटरबोर्ड नसलेल्या बोर्डावर. किंवा डिसेंबरची सकाळ: किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं, पण मतलई वारा पाठीमागून बाहेर ढकलतोय, आणि जितकं आत जावं तितका तो वाढतोय. अशा वेळी तिला आपलं आपण परत येता आलं पाहिजे. मोटरबोट येईल, कुणीतरी बघेल, हा हिशेब मला मान्य नाही.

आमच्या पिढीच्या मराठी घरांत समुद्र म्हणजे नारळीपौर्णिमेला नारळ द्यायचा आणि एरवी लांबून नमस्कार करायचा. मी पाण्यात उतरतो हे आईला तिच्या अखेरपर्यंत पसंत नव्हतं. एकदा मुलगी वाहून जाता जाता वाचली, मग ती वाचली तरीही, त्या घरातलं पाणी कायमचं संपतं. पुढे तिला कोणी पाठवत नाही, धाकट्यांनाही नाही. नातीने आता कुठे दुसरा हंगाम पुरा केलाय. तिचं समुद्राशी जमलेलं आहे. ते एका देखण्या बोर्डापायी मोडायला नको. डेन आणि कात्या कुएल्हो ही भावंडं याच गोव्याच्या पाण्यात तयार होऊन देशासाठी विंडसर्फिंगमध्ये उतरली. पण त्यांच्या गोष्टी ऐकायला आधी मुलगी पाण्यात टिकली पाहिजे ना?

जावयांचा मुद्दा असा, की मोठा बोर्ड ४७ किलोच्या मुलीला जड जाईल, जोराच्या वाऱ्यात आवरणार नाही. मुद्दा खोटा नाही. वीस नॉटमध्ये मोठा बोर्ड लाटांवर आपटतो आणि हलक्या माणसाला दमवतो. पण वीस नॉट आपल्याकडे पावसाळा सोडून कितीदा? शिवाय जगभर मुलं कशावर शर्यती खेळतात ते पाहा. टेक्नो २९३ नावाचा बोर्ड आहे, लांबी २९३ सेंटिमीटर, रुंदी ७९, आकारमान २०५ लिटर, सेंटरबोर्डसकट. बारा-पंधरा वर्षांची, चाळीस-पन्नास किलोची पोरं वर्षानुवर्षं यावर खेळत आली आहेत. युवा ऑलिंपिकमध्येही हाच होता. मुलांसाठी शीड बदललं जातं, बोर्ड तोच राहतो.

मोठ्यांच्या ऑलिंपिकचंही तेच. १९९६, २००० आणि २००४ ला मिस्ट्रल वन डिझाइन, पुढे २००८ पासून टोकियोपर्यंत आरएसएक्स. दोन्हींना सेंटरबोर्ड. कारण उघड आहे: प्रत्येक खेळाडूला एकच बोर्ड, वारा मंद असो की जोराचा, त्याच बोर्डावर खेळायचं. म्हणजे आमच्या घरासारखीच अट. पॅरिसला २०२४ मध्ये आयक्यूफॉइल आला, पाण्याच्या वर तरंगणारा. नातीने त्याचे व्हिडिओ मला दाखवले आणि मी थक्क झालो. पण त्या पात्याला खाली मीटरभर पाणी तरी लागतंच, आणि करंजाळ्याला ओहोटीत कमरेइतक्या पाण्यासाठी किती चालावं लागतं हे इथल्या माणसाला विचारा. शिवाय पडताना ते धारदार पातं आसपास. पुढे शिकावं तिने. पहिला बोर्ड म्हणून नको.

फुगवायच्या बोर्डाबद्दल मुलगी म्हणते, फ्लॅटमध्ये सोय होईल. होईल, आणि हुसेनसागर किंवा भोपाळच्या बड्या तलावावर निवांत फिरायला तो वाईट नाही. तिथली मंडळी या खेळाला नवखी नाहीत, दोन्हीकडे शिडाच्या होड्यांचं शिक्षण चालतं. पण तळ्यातला वारा इमारतींवरून, टेकड्यांवरून तुटत तुटत येतो, आणि खेळ थोडा पुढे गेला की फुगवलेली फळी पायाखाली वाकते. फूटस्ट्रॅप लावून वेगात जायचं तिच्यावर जमत नाही. ज्याला वर्षातून चार वेळा जायचंय त्याने खुशाल घ्यावी.

एका बोर्डात निरनिराळे वारे बसवायचे ते बाकीच्या सामानाने. शिडं दोन घ्यावीत, नातीसाठी साडेचार-पाच चौरस मीटरचं, जावयांसाठी साडेसहाचं. बोर्डावर वाचलेले पैसे इथे घालावेत, कारण वाऱ्याशी थेट गाठ शिडाची. फिनाही दोन: मंद वाऱ्याला लांब, जोराच्या वाऱ्याला आणि उथळ पाण्याला आखूड. एवढ्याशा खर्चात बोर्डाचा स्वभाव बदलतो, पण लोक नेमकं तिथेच हात आखडतात. आणि प्लेनिंग सुरू झालं की सेंटरबोर्ड पायाने वर लोटायचा, नाहीतर बोर्ड कुशीवर उलटायला बघतो. फूटस्ट्रॅपची भोकं आतल्या बाजूलाही आणि कडेलाही हवीत. आज नात आतल्या बाजूने शिकेल, दोन वर्षांनी बाहेर सरकेल.

जुना घ्यायलाही माझी हरकत नाही, उलट जुनाच बघा म्हणतो. फक्त तपासून. टाचेने सगळीकडे दाबून बघा, मऊ लागलं तर आतला फोम गेला. तराजूवर ठेवा, कागदावरच्या वजनापेक्षा बराच जड भरला तर आत पाणी आहे. फिन बसते त्या खाचेला आणि शिडाच्या काठीचा पाय अडकतो त्या पट्टीला तडे आहेत का पाहा. सेंटरबोर्डच्या फटीवरचे रबर बदलता येतात, त्यावर घासाघीस करायला हरकत नाही. दोनापावलाच्या जांभ्यावर आपटून खोक पडली, तर आपले फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर उत्तम काम करतात, पण ते पॉलिएस्टर रेझिन वापरतात. बोर्डाच्या आतला थर्मोकोलसारखा फोम त्याने विरघळतो. इपॉक्सीच वापर, असं बजावून सांगायचं आणि तो लावेपर्यंत शेजारी उभं राहायचं.

मागच्या रविवारी जेवणानंतर मी हे सगळं एका कागदावर मांडून दिलं, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जावयांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाबा, पण तीन मीटरचा बोर्ड लिफ्टमध्ये मावत नाही." खरं आहे, मावत नाही. जिन्याच्या वळणावरही अडकतो, मोजून पाहिलं. सोसायटीच्या सचिवांना तळमजल्यावर पाण्याच्या पंपाशेजारच्या भिंतीला दोन ब्रॅकेट ठोकू द्या म्हणून अर्ज दिलाय. त्यांच्या मुलाला शिकवायचं कबूल केलंय, त्यामुळे अर्ज अडेल असं वाटत नाही.