फिजिक्सवाल्या लेकरांच्या आईबापांना

हिंगोली, वसमत, औंढ्याची पोरं फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आली की घरात एकच विषय निघतो: बी.एड. कर, नाहीतर भरतीचा फॉर्म भर. त्यात वाईट काही नाही. पण ज्याला विषयाची खरीच गोडी आहे, त्याला पुढे शिकू द्या.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होतेय म्हणून तिथल्या नोकरीच्या आशेवर शिकवा, असं मी म्हणणार नाही. जागा थोड्या, उमेदवार देशभरातले. मी सांगतोय ते चुंबकत्वाबद्दल, बारावीत घोकून सोडून दिलेल्या धड्याबद्दल.

दुरुस्तीच्या दुकानातून बंद पडलेली हार्ड डिस्क आणा आणि पोराला उघडू द्या. (आतल्या चुंबकात बोट चिमटतं, जपून.) आरशासारखी चकती, तिच्यावर एक बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला इवलासा ठिपका. मजकूर वाचतो तो हा ठिपका. कसा, ते बघा. इलेक्ट्रॉनला भार असतो तसा स्पिनही असतो, म्हणजे तो स्वतःच एक चिमुकलं चुंबक. लोखंडाच्या दोन अतिपातळ थरांमध्ये क्रोमियमचा थर घातला, तर दोन्ही लोखंडांचं चुंबकत्व एकाच दिशेला असताना वीज सहज वाहते, उलटसुलट असताना अडते. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना हे वेगवेगळं सापडलं. १९९७ मध्ये आयबीएमने याच तत्त्वावरची हार्ड डिस्क बाजारात आणली, २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. अश्विन तुळापूरकर याच विषयात, म्हणजे स्पिनट्रॉनिक्समध्ये, काम करतात.

पोरांनो, एकदम स्पिनट्रॉनिक्सच्या पुस्तकाला हात घालू नका, डोक्यावरून जाईल. आधी क्वांटम मेकॅनिक्स, मग सॉलिड स्टेट. पाउलीच्या दोन बाय दोनच्या तीन मॅट्रिक्स वहीवर गुणून बघा. क्रम उलटा केला की उत्तराचं चिन्ह बदलतं. हे का होतं याचा छडा लावताना स्पिन समजायला लागतो. एनपीटीईएल या संकेतस्थळावर व्याख्यानं फुकट आहेत.

एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म त्याआधीच्या पावसाळ्याअखेरीस निघतात, शेवटच्या वर्षातल्यांनाही चालतो. पेपर इंग्रजीत असतो, तेव्हा तयारी दुसऱ्या वर्षापासूनच धरा. नाही जमलं तर नांदेडचं विद्यापीठ आहेच. वर्षं लागतील: एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची पाच-सहा. पण नेट परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये हाती येतात, तेवढ्यासाठी शेत गहाण टाकावं लागत नाही.