तुंबलेली मोरी घरच्या घरी मोकळी करा, चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर आणि कलबुर्गीच्या मराठी भाषक बंधुभगिनींनो,

मृग तोंडावर आला आहे. पहिला दमदार पाऊस झाला की तळघरातली, अपार्टमेंटच्या पार्किंगमधली, बाजारपेठेत रस्त्याच्या पातळीखाली असलेल्या दुकानांतली मोरी उलटते आणि काळं पाणी शहाबादी फरशीवर पसरतं. मग घाईघाईने कुणाला तरी बोलावणं जातं. तो गरीब माणूस चार पैशांसाठी चेंबरमध्ये, कधी थेट सेप्टिक टँकमध्ये उतरतो. हे आवाहन त्याच्यासाठी आहे. त्याला खाली उतरवण्याची वेळच येऊ नये, एवढं आपल्याला करता येतं.

जानेवारी 2021 मध्ये आपल्याच कलबुर्गी शहरात मॅनहोलमध्ये उतरलेल्या दोन कामगारांचा गुदमरून जीव गेला. तेव्हा माणसाला असं उतरवायला बंदी घालणारा 2013 चा कायदा लागू होऊन काही वर्षं झाली होती. कायदा फक्त पालिकेसाठी आहे, असा आपल्यातल्या पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. गटार किंवा सेप्टिक टँकच्या जोखमीच्या सफाईला माणूस लावणं कोणत्याही व्यक्तीला मना आहे. घरमालक आला, दुकानदार आला, सोसायटीचा सेक्रेटरीही आला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा मृत्यू झाल्यास कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. पण कैदेच्या भीतीने हे थांबावं, असं आम्हाला वाटत नाही. बसवण्णांच्या कल्याणात बाराव्या शतकात कायकाला, म्हणजे श्रमाला, मान मिळाला, कुठलंही काम हलकं नाही हे तिथे ठामपणे मांडलं गेलं. त्या भूमीत आपल्या घरची घाण काढायला दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा, हे मनाला पटत नाही.

खाली नेमकं काय असतं, ते समजून घ्या. साचलेला मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणजे हवा सुधारली, असं समजून माणूस आणखी खाली उतरतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, ठाऊक आहे. पेव उघडल्यावर जाणते लोक आधी आत वारा खेळू देत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही. ती सावधगिरी आजही हवी, पण कंदील मात्र इथे चालणार नाही. पेवात प्राणवायू कमी झालेला असतो. सेप्टिक टँकमध्ये मिथेनही असतो आणि ज्योत आत गेली की भडका उडू शकतो. काडी, बिडी, मोबाईलच्या उजेडात वाकून पाहणं, काहीच नको.

आता घरातल्या मोरीचं. तळघरात पाणी साचलं असेल तर आत पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद करा. मोटर, इन्व्हर्टर, फ्रीज बहुतेक तिथेच ठेवलेले असतात. त्यानंतर अडथळा कुठे आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वरच्या मजल्यावर कुणीही पाणी वापरत नसताना फक्त तळघरातली मोरी सावकाश निचरत असेल, तर अडथळा जवळच आहे आणि तो तुम्ही काढू शकता. वर फ्लश केल्यावर किंवा वॉशिंग मशीनचं पाणी सोडल्यावर खालच्या मोरीतून पाणी उसळत असेल, तर अडथळा बाहेरच्या मुख्य लाइनमध्ये आहे. अशा वेळी घरातला सगळा पाण्याचा वापर थांबवा आणि जेटिंग किंवा सक्शनची गाडी मागवा. तिथे हाताने काही करायला जाऊ नका.

जवळचा अडथळा असेल तर रबरी हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघडा, जाळी काढा. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, म्हणजे पाणी अडवून ठेवणारी वाटी. केस, चहाचा चोथा, भांडी घासायची राख, पराती धुतलेल्या पाण्यातलं ज्वारीचं पीठ आणि तेल, सगळं तिथे बसून घट्ट होतं. हा गाळ हाताने काढून बादलीत टाका. त्याला परत पाण्याने आत ढकलू नका, पुढच्या वळणावर तो पुन्हा बसतो. मग रबरी पंप लावा. त्याआधी त्याच पाइपला जोडलेल्या दुसऱ्या मोऱ्यांची तोंडं ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर दाब तिकडून निघून जाईल. तरीही निघालं नाही तर प्लंबर वापरतात ती स्प्रिंगची तार फिरवत आत सोडा. तेल साचलं असेल तर गरम पाणी उपयोगी पडतं, पण उकळतं ओतू नका, पीव्हीसीचे जोड ढिले होतात.

एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगावीशी वाटते: अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन निघतो, आणि बंद तळघरात तो तुम्हालाच गाठतो. कॉस्टिकची पावडर टाकून झाल्यावर वरून पंप मारणंही नको. कॉस्टिकने तापलेलं पाणी उडून डोळ्यांत जातं.

उन्हाळ्यात न वापरलेल्या मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं. त्या रिकाम्या वाटीतून गटाराचा वायू आणि झुरळं घरात येतात. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतलं की पुरे.

बिदरकरांना एक वेगळी अडचण आहे. इथल्या जांभ्यात पाणी भराभर मुरतं आणि खालच्या काळ्या पाषाणावर अडून आडवं वाहतं. बहामनी काळात नौबादचं करेझ, म्हणजे पाणी वाहून नेणारा जमिनीखालचा बोगदा, याच पाण्यावर खोदलं गेलं. त्याला जागोजागी उभी तोंडं ठेवली होती, हवेसाठी आणि गाळ काढायला. ती तोंडं गाळाने आणि कचऱ्याने बुजत गेली आणि करेझ तुंबलं. गेल्या दशकात गाळ उपसला तेव्हा कुठे ते पुन्हा वाहू लागलं. तळघर खोदलं की हेच झिरपणारं पाणी भिंतीतून आत येतं, म्हणून मोरी नेहमी मोकळी हवी आणि तिचं चेंबर फरशी टाकून बुजवलेलं नको. कलबुर्गीकडच्या काळ्या मातीत उलटं दुखणं: उन्हाळ्यात जमीन तडकते, पावसाळ्यात फुगते आणि पाइपचे जोड सरकतात. दर पावसाळ्यात एकाच जागी तुंबत असेल तर जोड तपासून घ्या. रस्त्यापेक्षा खाली असलेल्या मोरीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि पिण्याच्या पाण्याचा संप मोरीशेजारी असेल तर मोरी उलटल्यावर तपासल्याशिवाय ते पाणी कुणाला देऊ नका.

येत्या रविवारी जाळी काढून पाहा, एक बादली पाणी ओता, ते किती वेळात जातं ते बघा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर बैठकीत ठराव करून ठेवा: सफाई यंत्रानेच होईल, खर्च सगळे वाटून घेतील. सेप्टिक टँक किंवा गटाराच्या सफाईसाठी 14420 ही मदतवाहिनी आहे. हा क्रमांक जिन्यापाशी लिहून ठेवा. आणि चेंबरमध्ये कुणी कोसळलंच, तर त्याला काढायला तुम्ही उतरू नका, दुसऱ्यालाही उतरू देऊ नका. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही मरतात. झाकण उघडं ठेवा, गर्दी लांब करा आणि लगेच 112 वर फोन करून चेंबरमध्ये माणूस अडकला आहे, श्वासाचं यंत्र घेऊन या, असं स्पष्ट सांगा.