प्रत्यक्ष गुरूची आवश्यकता

गुरुपौर्णिमेस व्यासपूजन करीत असता एक शंका अलीकडे घरोघरी ऐकू येते. ग्रंथ हाताशी आहेत, प्रवचने यंत्रावर ऐकता येतात. मग प्रत्यक्ष गुरू कशाला हवा? तिचे उत्तर आपल्याच कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या कथेत सापडते.

नौका फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालत आला, असे त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ उरले नाहीत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या मंडळींना लोक 'शनिवार तेली' म्हणू लागले. सुंता, विश्रांतिवार, आहाराचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना एवढेच त्यांनी पिढ्यान्पिढ्या जपले. पुढे दावीद रहाबी नावाचे पंडित आले. पर व खवले नसलेले मासे तेथील स्त्रियांनी वेगळे काढले, तेव्हा त्यांना धर्मबंधुत्वाची खूण पटली, असे सांगतात. त्यांनी झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना विद्या दिली. तेच समाजाचे 'काजी' झाले. १७९६ मध्ये सामुएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनातून रंगू लागली, याचा आम्हां कीर्तनकारांना विशेष आनंद वाटतो.

कोणी म्हणेल, गुरूवाचूनही त्यांचा धर्म टिकलाच ना? टिकला खरा, आणि त्याचे श्रेय घरोघरच्या माउलींचे. परंतु टिकला तो आचार. त्यामागील शास्त्र विस्मृतीत गेले होते. ते सांगावयास जाणता मनुष्यच यावा लागला. यहुदी धर्म लिखित शास्त्राबरोबर मुखपरंपरेसही प्रमाण मानतो. मोशेकडून यहोशवाकडे, त्याच्याकडून ज्येष्ठांकडे असा तिचा क्रम सांगतात. ग्रंथ वाचकाची चूक दाखवू शकत नाही, गुरू दाखवितो. त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे, त्या निवृत्तिनाथांचे शिष्यत्व ज्ञानेश्वर महाराजांनीही पत्करलेच.

मात्र गुरूची कसोटीही रहाबींच्या या कथेतच आहे. त्यांनी शिष्यांस आपल्यावर अवलंबून ठेवले नाही. शिकवू शकतील असे तिघे तयार केले. म्हणून आज पाद्यपूजेस बसण्यापूर्वी प्रत्येकाने मनाशी विचारावे: गेल्या वर्षात या गुरूने मला काय शिकविले, आणि ते उद्या मी माझ्या मुलांस शिकवू शकेन काय?